आर-स्क्वेअर ०.९९ आलं, तरी घोडं अडलं कुठे?

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. भौतिकशास्त्राच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्हाला स्वतः प्रश्न ठरवून प्रयोग करायचा आणि संशोधन-अहवाल लिहायचा आहे. मी बाटलीच्या भोकातून पाणी किती वेगाने बाहेर पडतं, हा विषय घेतलाय. बाटली ८ सेंमी व्यासाची, सरळ उभ्या भिंतींची. तळाच्या थोडं वर ड्रिलने ४ मिमीचं भोक पाडलं. भोकाच्या वर पाण्याची उंची किती, हे दर १० सेकंदांनी वाचलं : १६.०, १३.४, ११.०, ८.८, ६.९, ५.२, ३.८ सेंमी. उंची आणि वेळ यांचा आलेख काढून स्प्रेडशीटमध्ये सरळ रेषा बसवली, आर-स्क्वेअर (रेषा आकड्यांशी किती जुळते याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९९ आलं. म्हणून ‘उंची वेळेबरोबर एकसारख्या दराने कमी होते’ असा निष्कर्ष लिहिला. पण भोकातून पाणी किती वेगाने निघतं ते सांगणाऱ्या टोरिचेलीच्या सूत्राने हिशेब केला तर पाणी १६ वरून ४ सेंमीवर यायला ३६ सेकंद पुरेत, मला ५८ लागले. कारण म्हणून ‘मानवी चूक’ लिहिलंय. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘तूच विचार कर, मी सांगितलं तर ते माझं काम होईल.’ माझ्या मैत्रिणीने सुपरकंडक्टर (विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ) घेतलाय. माझा विषय फारच साधा आहे का? बदलू का?

उत्तर : विषय बदलू नकोस. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तारीख जवळ आली की विषय बदलायची हुक्की येतेच. सुपरकंडक्टरचं म्हणशील तर त्यातले ‘उच्च तापमानाचे’ म्हणवले जाणारेसुद्धा सहसा द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअसला) नेऊन दाखवतात. त्यात तुझी मैत्रीण स्वतःच्या हाताने काय मोजणार, ते तिचं ती बघेल. तुझ्याकडे सात रीडिंग्ज आहेत आणि तू काढलेल्या निष्कर्षापेक्षा त्यांत बरंच जास्त भौतिकशास्त्र आहे.

आलेख क्षणभर बाजूला ठेव आणि नुसती वजाबाकी कर. पहिल्या दहा सेकंदांत पाणी २.६ सेंमी उतरलं. पुढच्या दहांत २.४, मग २.२, १.९, १.७ आणि शेवटी १.४. याला एकसारखा दर म्हणायचं? दर सरळसरळ कमी होत चाललाय. मग स्प्रेडशीटने ०.९९ कसं दिलं? कारण थोडेसे वाकत उतरणाऱ्या आकड्यांनाही ती सहज एवढं देते. आर-स्क्वेअर एवढंच सांगतं की उंचीतल्या चढउताराचा किती भाग रेषेने उचलला. उरलेला भाग कसा पसरलाय, याबद्दल ते मुकं असतं.

तो उरलेला भाग आपण पाहू. तुझ्या आकड्यांवर मी रेषा बसवली. पहिला बिंदू रेषेच्या सुमारे ६ मिमी वर पडतो, मधला ५ मिमी खाली, शेवटचा परत ६ मिमी वर. पट्टीवर तू मिलिमीटरपर्यंत वाचतेस. वाचनातल्या चुकांमुळे बिंदू रेषेच्या वर-खाली कसेही विखुरले असते. हे दोन्ही टोकांना वर आणि मधे खाली, शिस्तीत वाकलेत. आणि वाक पट्टीच्या अचूकतेच्या पाच-सहा पट आहे. अहवालात मुख्य आलेखाच्या खाली हा फरकांचा छोटा आलेख काढ. परीक्षकाला त्यावरून कळतं की तू ट्रेंडलाइनचं बटण दाबून थांबली नाहीस.

अजून खात्री हवी असेल तर बाटली परत भर आणि या वेळी ६० सेकंदांवर थांबू नकोस. तुझ्या सरळ रेषेच्या मते ७६व्या सेकंदाला पाणी भोकाशी येऊन टेकलं पाहिजे. माझ्या हिशेबाने तेव्हा भोकाच्या वर जवळपास २ सेंमी पाणी शिल्लक असेल. दोघींपैकी कोण बरोबर, ते बाटलीच सांगेल.

माझा हिशेब कुठून आला? टोरिचेलीने १६४४ साली मांडलं की भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग तेवढ्याच उंचीवरून पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. म्हणजे वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. उंची कमी होईल तसा वेग कमी, आणि पातळी उतरण्याचा दरही कमी. दराचा वर्ग उंचीच्या प्रमाणात. हे नातं तू आधीच शिकली आहेस : एकसमान मंदन असलेल्या, ब्रेक लावलेल्या गाडीचं, जिथे वेगाचा वर्ग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो. तुझी पाण्याची पातळी म्हणजे भोकाशी येऊन थांबणारी तीच गाडी. म्हणून तर वजाबाक्या दर वेळी ०.२-०.३ ने घटताना दिसतात. कॅल्क्युलस अजून झालं नसलं तरी एवढ्यावर तुझं भागेल.

आता उंचीऐवजी उंचीचं वर्गमूळ मांड : ४.००, ३.६६, ३.३२, २.९७, २.६३, २.२८, १.९५. टप्पे बघ : ०.३४, ०.३४, ०.३५, ०.३४, ०.३५, ०.३३. सरळ रेषा हवी होती ना? ही घे. तिचा चढ सेकंदाला ०.०३४ येतो (उंची सेंमीमध्ये धरून). फक्त एक अट. उंची भोकाच्या मध्यापासूनच मोजलेली हवी. तू भोकापासून मोजलीस असं लिहिलंयस, छान. बाटलीच्या बुडापासून मोजणारे पुष्कळ असतात आणि मग त्यांची वर्गमुळंही वाकडी येतात. आणि झाकण उघडं ठेव, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते.

आता तुझी खरी अडचण, ३६ आणि ५८. सूत्रातून चढ ०.०५५ यायला हवा. भोकाचं क्षेत्रफळ बाटलीच्या क्षेत्रफळाच्या ४००वा भाग, त्याला गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या वर्गमुळाने गुणायचं. तुला ०.०३४ मिळाला. भागाकार कर : ०.६२. आणि ३६ ला ५८ ने भागलंस तरी तेच येतं. तू याला ३८ टक्क्यांची चूक समजून ‘मानवी चूक’ या शब्दांखाली झाकून टाकलंस. तो शब्दप्रयोग अहवालातून काढून टाक, मला तो दिसला की पुढचं वाचवत नाही. स्टॉपवॉच दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला असेल, तर ५८ सेकंदांत तो अर्धा टक्काही होत नाही. बावीस सेकंद कुणी बोट उशिरा दाबत नाही.

मग ते गेले कुठे? भोकाच्या चारी बाजूंनी पाणी आत ओढलं जातं. कडेलगतचं पाणी आडवं येतं आणि कडेवरून वळताना एकदम सरळ होऊ शकत नाही. त्यामुळे बाहेर पडल्यावरही धार थोडी आकसत जाते आणि भोकाच्या अर्ध्या व्यासाइतक्या अंतरावर सगळ्यात बारीक होते. सूत्रातला पूर्ण वेग तिथे मिळतो, पण क्षेत्रफळ तिथे भोकापेक्षा कमी असतं. पातळ पत्र्यातल्या, धारदार कडेच्या गोल भोकासाठी एकूण प्रवाह ‘वेग गुणिले भोकाचं क्षेत्रफळ’ याच्या ०.६१-०.६२ पट निघतो, हे अभियांत्रिकीच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. तुझा आकडा त्यावर नेमका बसतोय. इतका नेमका की मी थोडी साशंक आहे, त्याकडे येतेच.

इथे न्यूटनची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १६८७ साली आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत त्याने पाण्याचा वेग टोरिचेलीपेक्षा कमी दिला, निम्म्या उंचीवरून पडल्याइतका. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ते बदललं, कारण मधल्या काळात त्याने धारेची जाडी मोजली होती. भोकाचा व्यास २५ भाग धरला तर धारेचा २१. वेग बरोबर होता, धार बारीक होती. तू आज जिथे अडलीयस, तिथे अडायला तुझ्याआधी बरे लोक येऊन गेलेत.

पण ‘धार आकसते’ हे पुस्तकातून उचलून लिहिलंस तर ते तुझं संशोधन होत नाही. प्रवाह कमी भरला, तो वेग कमी असल्यामुळे की क्षेत्रफळ कमी असल्यामुळे, हे तुझ्या आकड्यांतून अजून ठरलेलं नाही. ठरवता येतं, आणि तेही घरच्या घरी. बाटली अशी ठेव की भोक जमिनीपासून २५ सेंमी उंच येईल. धार आडवी सुटते आणि वक्र होऊन खाली पडते. भोकाच्या वरचं पाणी आणि भोकाची जमिनीपासूनची उंची यांचा गुणाकार कर, वर्गमूळ काढ, दुप्पट कर. पाणी १६ सेंमी असतानाचं उत्तर ४० सेंमी. जमिनीवर पट्टी ठेव, बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घे आणि पातळी बरोबर १६ वर असतानाची चौकट थांबवून बघ धार कुठे पडते. वेग ६२ टक्केच असता तर धार २५ सेंमीच्या आतच पडली असती. ती ४० च्या एखाद-दुसरा सेंमी अलीकडे पडली, तर वेग जवळजवळ पूर्ण आहे आणि तूट क्षेत्रफळात आहे. मग भोकालगतच्या धारेचा जवळून फोटो काढ, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून. ४ मिमीच्या भोकातून निघालेली धार २ मिमी अंतरावर सुमारे ३.१ मिमी दिसायला हवी. दोन वेगळ्या मोजमापांतून एकच गोष्ट निघाली, की चर्चा या विभागात लिहायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

आता माझी शंका. ४ मिमीचं भोक तू कशावरून म्हणतेस? ड्रिल बिटवर ४ लिहिलं होतं म्हणून? प्लॅस्टिकमध्ये ड्रिल हलतो, भोक थोडं मोठं किंवा लंबगोल होतं. व्यासात ०.२ मिमीचा फरक म्हणजे ५ टक्के, आणि क्षेत्रफळ वर्गाने जातं म्हणून तिथे १० टक्के. म्हणजे तुझं ०.६२ खरं तर ०.५६ ते ०.६८ मध्ये कुठेही असू शकतं. साऱ्या प्रयोगातली सगळ्यात मोठी अनिश्चितता या एका भोकात आहे आणि तुझ्या पत्रात घड्याळाची काळजी आहे, भोकाची नाही. ड्रिल बिटांच्या गुळगुळीत दांड्या मोजपट्टीसारख्या वापर : ४.० ची दांडी आत जाते का, ४.१ ची अडते का. दोन दिशांनी काढलेल्या फोटोंवरूनही व्यास मोजता येईल. आणि कडेला प्लॅस्टिकची चोच राहिली असेल तर ब्लेडने साफ कर. भोक जाड भिंतीत असेल, म्हणजे व्यासाच्या दोन-तीन पट लांबीची नळीच झाली असेल, तर ०.६२ च्या जागी येणारा हा गुणांक ०.८ च्या आसपास जातो. हा फरकच एखाद्याचा अख्खा प्रकल्प होऊ शकतो.

संशोधन-प्रश्न मी तुला लिहून देणार नाही, पण त्यात काय असायला हवं ते सांगते. तू काय बदलणार, कुठून कुठपर्यंत, काय मोजणार, आणि काय तसंच ठेवणार. ‘पाण्याचा वेग’ हा प्रश्नच नव्हे. भोकाचा व्यास २ पासून ६ मिमीपर्यंत पाच टप्प्यांत बदलायचा आणि वर्गमुळाच्या आलेखाचा चढ व्यासाच्या वर्गाबरोबर कसा जातो ते बघायचं, ही एक वाट. कडेचा आकार ही दुसरी. एकच पकड. पहिली पकडलीस तर ६ मिमीला पाणी २६ सेकंदांतच उतरेल, तिथे व्हिडिओवाचून गत्यंतर नाही. २ मिमीला सुमारे चार मिनिटं लागतील आणि पृष्ठताण डोकं वर काढेल. प्रत्येक भोकासाठी निदान तीनदा मोज.

आणि शेवटी, पाणी सेंटीमीटरभर उरलं की धार बाटलीला चिकटून खाली ओघळायला लागेल. ते बिंदू रेषेवर बसणार नाहीत. गुपचूप खोडू नकोस. कुठल्या उंचीपासून धार सुटी पडत नाही ते बघून नोंद कर, ती मर्यादा अहवालात लिही आणि त्याखालचे बिंदू आलेखात वेगळ्या खुणेने दाखव.

राहिले तुझे सर. त्यांच्यावर रागावू नकोस. गुण तेच देणार असतील तर तुझं काम सुधारून द्यायला त्यांचे हात बांधलेले असतात. पण ‘माझं काय चुकलं?’ असं विचारलंस की त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरतात, सगळं सांगणं किंवा काहीच न सांगणं. आता असं जा : ‘सर, वर्गमुळाचा आलेख सरळ येतोय, चढ ०.०३४ आहे, सूत्राचा ०.०५५. मला वाटतं धार आकसते. वेग वेगळा मोजण्यासाठी मी ही मांडणी केलीय. यात काही राहून गेलंय का?’ याचं उत्तर कुठलाही शिक्षक देईल, आणि नियमात राहून देईल. बोलणं झाल्यावर वहीत तारीख टाकून काय बोललात ते लिहून ठेव. माझ्या या उत्तरातलं काही वापरणार असशील तर तेही अहवालात नमूद कर, लपवू नकोस. मदत घेणं चालतं. ती न सांगणं महागात पडतं.

प्रश्न : मुलाने लंबकाच्या गोळ्याचं वस्तुमान बदलून आवर्तकाल (एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ) मोजला. काहीच फरक पडत नाही. ‘परिणाम नाही’ असा अहवाल दिला तर गुण कापतील या भीतीने तो आकडे थोडे हलवू पाहतोय. काय सांगू? — एक पालक

उत्तर : आकडे हलवणाऱ्याचा अहवाल ओळखू येतो, एवढंच सांगा. खऱ्या रीडिंग्जमध्ये शेवटचा अंक नाचतो. बनवलेल्या रीडिंग्ज संशय यावा इतक्या गुण्यागोविंदाने नांदतात.

‘फरक नाही’ हा निष्कर्ष चालतो. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले या शास्त्रज्ञांना ईथरचा, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानत त्या माध्यमाचा, वारा सापडला नाही, आणि तो न सापडणंच भौतिकशास्त्राच्या इतिहासात गाजलं. पण ‘फरक दिसला नाही’ एवढ्याने भागत नाही, किती बारीक फरक दिसू शकला असता तेही सांगावं लागतं. एक मीटरच्या लंबकाची २० आवर्तनं म्हणजे सुमारे ४० सेकंद. हाताच्या चुकीचे ०.२ सेकंद धरले तर अर्धा टक्का. म्हणजे वाक्य असं होईल : वस्तुमानामुळे बदल होत असलाच तर तो अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. हे वाक्य नुसत्या ‘परिणाम नाही’पेक्षा कितीतरी वजनदार आहे.

मुलाला दोन गोष्टी मात्र तपासायला सांगा. मोठा गोळा लावला की त्याचा मध्य खाली सरकतो. लांबी एका सेंटीमीटरने वाढली तर आवर्तकाल अर्ध्या टक्क्याने वाढतो आणि वस्तुमानाचा परिणाम असल्याचा भास होतो. लांबी दर वेळी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची. आणि झोका लहान ठेवायचा. ३० अंशांवरून सोडला तर आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, १० अंशांवर तो फरक ०.२ टक्क्यांच्या आत राहतो.

प्रश्न : अहवाल एआयकडून लिहून घेतला तर चालेल का? प्रयोग मीच केलाय. — बारावीतला एक विद्यार्थी

उत्तर : तुझ्या शाळेचे नियम काय म्हणतात ते आधी वाच, त्यात बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं. आलेखाचा मथळा कसा लिहायचा, एखादी संकल्पना समजत नाही, अशा गोष्टी विचारायला नियमाने मुभा असेल तर विचार आणि तशी नोंद कर. चर्चेचा विभाग मात्र स्वतःच लिही. तुझ्या टेबलाचा पाय डुगडुगत होता आणि म्हणून तिसरं रीडिंग गडबडलं, हे एआयला कुठून कळणार? ते नसलं की त्या जागी ‘मानवी चूक’ येते, आणि त्याबद्दल माझं मत वर आलंच आहे.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना रीडिंग्जचा तक्ता आणि मांडणीची हाताने काढलेली आकृती जोडा. नुसतंच ‘चांगला विषय सुचवा’ असं लिहिलेली पत्रं मी बाजूला ठेवते.